अब्रूस बाध न येता

मराठीत माणसाची किंमत कमी करायला शब्दांची ददात नाही. बदनामी आहे, नाचक्की आहे, पाणउतारा आहे, फजिती आहे. कायद्याला मात्र यातला एकच ऐवज चालतो : अब्रूनुकसानी. तीही चारचौघांत झाली तर. मॅनेजरनं केबिनचं दार लावून एकट्याला कितीही झाडलं, तरी अब्रूला ओरखडा नाही. दार उघडं राहिलं, तर विचार करता येईल.

हे कलम दंड संहितेत ४९९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालं. (आमच्या वाशीम जिल्ह्याचा जन्मही १ जुलैचाच, १९९८ सालचा, मास्तरांनी शाळेत नाव घालताना अंदाजानं टाकावी तशी तारीख!) कलम म्हणतं, लोकांच्या नजरेत माणसाचं चारित्र्य, बुद्धी, जात, धंदा किंवा पत उतरली, तर अब्रूला धक्का लागला. ‘पत’ हा शब्द वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बी. कॉम.ला तीन वर्षं ‘क्रेडिट’ म्हणजे खात्याची उजवी बाजू एवढंच शिकवलं होतं. ती माणसाची अब्रू असते, हे फौजदारी कायद्याकडून कळावं!

आता माझा वाद ऐका. सोयाबीन पावसानं काळं पडतं, हप्ता थकतो आणि गावात फळ्यावर नाव झळकतं. रिसोडकडचे एक काका माझ्या काउंटरवर येऊन म्हणाले, “साहेब, पैशे भरतो ना जी. पर नाव कायले लावलं फयावर? पोरीले पाहाले पावने येनार हायेत.”

यावर नियमांचे जाणकार म्हणतील, थकबाकी खरी आहे, मग बदनामी कसली? सावकाश, राव! फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगण्यात लोकहितही असावं लागतं. काकांची थकबाकी जाहीर करून गावाचं कोणतं हित झालं? पाहुण्यांची एक फेरी वाचली, इतकंच.

बरं, नियम सर्वांना सारखा म्हणावा, तर तेही नाही. बड्या थकबाकीदारांची नावं माहितीच्या अधिकारात मागितली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला गोपनीयता आठवली. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की माहिती द्या. म्हणजे कोटीवाल्याचं नाव दिल्लीपर्यंत भांडून काढायचं आणि लाखाच्या आतल्याचं खडूनं लिहायचं!

फोटो लावण्याबाबत उच्च न्यायालयांचंही एकमत नाही. मद्रासनं २००६ साली बँकेला मोकळीक दिली. केरळनं डिसेंबर २०२४ मध्ये एका सोसायटीला सांगितलं, की असं करणं सन्मानानं जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे. माझं मत केरळकडे. वाशीमहून ते लांब पडतं, पण इलाज नाही.

मोठ्यांच्या अब्रूला कायदा चटकन धावतो. १८८२ साली कोल्हापूरच्या कारभारी बर्व्यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांवर भिस्त ठेवून लिहिलं होतं ती बनावट ठरली आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. आगरकर आमच्या अकोल्यात शिकलेले. त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. फळ्यावरच्या माणसानं फिर्याद केल्याचं मात्र मी ऐकलं नाही. वकिलाची फी द्यायला त्याला आणखी एक कर्ज लागेल आणि थकबाकीदाराला ते मिळत नाही.

आणि बँकेचे हक्क पाहा! कसलंही पत्र असो, शेवटी एक ओळ असतेच : ‘या पत्रामुळे बँकेच्या इतर हक्कांस बाध येत नाही.’ दिवाळीच्या शुभेच्छा सोडल्या, तर ही ओळ मी सगळीकडे टाइप केली आहे. ग्राहक कायद्यातही तसंच : हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांत उणेपणा आणायला नाही. हक्क असे जपले जातात, तर माणसाचं नाव का नाही?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. व्याज घ्या, नोटीस द्या, कोर्टात जा. फक्त नोटीस बंद पाकिटात पाठवा, फळा शाळेला द्या, आणि खाली आणखी एक ओळ टाका : ‘या नोटिशीमुळे कर्जदाराच्या अब्रूस बाध येत नाही.’

टाइप करायला मी आहेच.