दलाल, अडत्या आणि हिशेबपट्टी

फुटबॉल खेळाडूंच्या एजंटांविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण शब्दाची येते. 'मध्यस्थ' म्हणावे तर तो भांडण मिटवणारा किंवा सोयरीक जुळवणारा वाटतो. 'प्रतिनिधी' म्हणावे तर तो थेट विधिमंडळात जाऊन बसतो. आणि 'दलाल' म्हटले की निवाडा आधीच होऊन जातो, पुरावा तेवढा मागाहून शोधायचा उरतो. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी 'एजंट' हा शब्द तसाच ठेवून या पेचातून सुटका करून घेतली आहे. आमच्या केळापूर तालुक्यात मात्र या कामासाठी एक जुना, नेमका आणि पुरेसा निर्विकार शब्द रोजच्या वापरात आहे. तो शब्द म्हणजे अडत्या.

अडत्या माल पिकवत नाही आणि वापरतही नाही. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे तो उभा राहतो, हर्रासात बोली लावून घेतो, अडीनडीला शेतकऱ्याला उचल देतो आणि शेवटी त्याच्या हातावर हिशेबपट्टी ठेवतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत असे सारे तीत ओळीने मांडलेले असते. ती पट्टी खरीच असते असा आमचा दावा नाही. पण ती असते, आणि ती वाचणारे कोणी घरात असले की फसवणुकीला थोडा तरी आळा बसतो. बाजार समित्यांचा कायदा १९६३ साली झाला, तरी त्यानंतरही कित्येक दशके अडत शेतकऱ्याच्याच पैशातून कापली जात राहिली. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. अडत किती, हा त्या भांडणाचा मुद्दा नव्हता. ती कोणाच्या खिशातून जावी, हा होता.

जागतिक फुटबॉलमध्ये गेले दशकभर चाललेले भांडण याहून फारसे वेगळे नाही. २०१५ साली 'फिफा'ने एजंटांची परवाना-पद्धत मोडीत काढली. मोबदला तीन टक्क्यांपर्यंत असावा अशी केवळ शिफारस ठेवली. आणि शिफारशीचे जे होते तेच झाले. आंतरराष्ट्रीय हस्तांतरणांत एजंटांना मिळालेली रक्कम 'फिफा'च्याच आकडेवारीनुसार २०११ मध्ये सुमारे १३ कोटी डॉलर होती. २०१९ मध्ये ती ६४ कोटींवर आणि २०२३ मध्ये ८८ कोटींवर गेली. खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणापोटी मिळणारा वाटा याच काळात उलट दिशेने गेला. २०११ मध्ये तो पावणेसात कोटी डॉलरच्या आसपास होता, २०२० मध्ये चार कोटींच्याही खाली आला. २०२० हे महामारीचे वर्ष होते ही सूट दिली, तरी नांगरणाऱ्याचा वाटा आटतो आणि बोली लावणाऱ्याचा फुगतो, हे चित्र विदर्भातल्या वाचकाला निराळे समजावून सांगावे लागू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये नवी नियमावली मंजूर झाली. एजंटाने परीक्षा देऊन परवाना घ्यावा. खेळाडूचे वार्षिक वेतन दोन लाख डॉलरपर्यंत असेल तर त्याच्या बाजूने काम करणाऱ्याने पाच टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या रकमेवर तीन टक्क्यांपर्यंत मोबदला घ्यावा. आणि ज्याचे काम त्यानेच पैसे द्यावेत, असे तिचे सार होते. यातला शेवटचा नियम आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एरवी एजंट खेळाडूचा आणि त्याचे पैसे मात्र क्लब देतो, मग तो एजंट नेमका कोणाचा? पण जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या न्यायालयाने या नियमांना मनाई केली, इंग्लंडमधल्या लवादाने मर्यादेचा नियम स्पर्धा-कायद्याच्या विरुद्ध ठरवला, आणि २०२३ च्या अखेरीस 'फिफा'ने वादग्रस्त कलमे जगभर स्थगित केली. मर्यादा गेली याचे आम्हांला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते तिच्याबरोबर माहिती उघड करण्याविषयीची कलमेही बासनात गेली याचे.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, एजंटच नको. हा प्रयोग आमच्याकडे होऊन गेला आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा व्यापारी आणि अडत्या दोघांनाही कापसाच्या वाटेतून दूर सारण्याचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. पण चुकारे रखडले आणि पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आंध्रात, भाव बरा मिळू लागला, की रात्री गाड्या नदी ओलांडत. मधला माणूस नाहीसा झाला नाही, तो फक्त अंधारात गेला. म्हणून एजंट नाहीसे करण्याच्या गप्पा आम्हांला पटत नाहीत. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले, तेव्हा त्या खेळाडूंच्या बाजूने करार उघडून त्यातले कलम दाखवणारा कोणीतरी हवाच होता. एकट्या खेळाडूने क्लबाशी बोलायचे म्हणजे एका क्विंटलवाल्याने जिनिंगच्या मालकाशी भावाची घासाघीस करायची.

आता चाहत्यांच्या बोलण्याकडे वळू, कारण भाषेच्या अभ्यासकांना खरे कुतूहल तिथे आहे. आमच्या वर्गातली मुले मोबाइलवर इंग्लंडची लीग पाहतात आणि दुसऱ्या दिवशी 'काल आपण हरलो' असे सांगतात. हे 'आपण' मोठे विलक्षण सर्वनाम आहे. मराठीत 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. पांढरकवड्याचा मुलगा मँचेस्टरच्या पराभवात स्वतःबरोबर समोरच्यालाही ओढून घेतो. पण व्यवहाराचा विषय निघाला की हेच व्याकरण पालटते. जिंकतो ते 'आपण', पण खेळाडू विकतात ते 'ते'. आणि जो जातो तो 'विकला गेला'. मराठीत माणूस विकला जातो तो फक्त लाच खाऊन. त्यामुळे करार संपवून दुसरीकडे अधिक वेतनावर गेलेल्या, पूर्णपणे कायदेशीर वागलेल्या खेळाडूवर नुसत्या क्रियापदानेच फितुरीचा शिक्का बसतो. ज्या क्लबाने पैसे मोजून त्याला सोडले, तो मात्र या वाक्यात कर्ता म्हणूनही येत नाही. आपल्या ग्रामीण कथा-कादंबरीनेही सावकार-अडत्याला असेच एकट्याने पाप वाहायला लावले आणि गिरणीच्या मालकाला बहुधा कथेबाहेर ठेवले. ही तुलना ताणलेली आहे असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही.

महाराष्ट्रात हे सारे उघड्यावर पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तिथे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांतच तालीम आहे. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ मैदानात उतरते आणि प्रसंगी भांडण मैदानाबाहेर रस्त्यावर येते. हंगामाच्या आरंभी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कोणत्या तालमीतून कोणत्या तालमीत गेला याची चर्चा सामन्यांइतकीच रंगते. गेल्या काही वर्षांत परराज्यांतले आणि आफ्रिकेतले, विशेषतः नायजेरियाचे, खेळाडू या संघांतून खेळू लागले. कट्ट्यावरचा वाद मग 'आपली पोरं' विरुद्ध 'बाहेरची' असा होतो. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर बंधन घालता येते. पण हजारो मैलांवरचा तो मुलगा तालमीपर्यंत कोणाच्या ओळखीने पोचला, त्याला ठरलेल्या रकमेतले किती मिळाले आणि मधल्याने किती ठेवले, हा प्रश्न कट्ट्यावर सहसा निघत नाही. 'बाहेरचा' म्हटले की तो विचारायची गरज वाटत नाही. वर्गणी, देणगीदार आणि स्थानिक पुढारी यांच्या बळावर चालणाऱ्या तालमीने आपल्या पेठेला हिशेब दाखवावा, यात अपमानास्पद काय आहे?

इंग्लंडचे फुटबॉल काही संतांचे नाही. पण तिथली संघटना कोणत्या क्लबाने वर्षभरात एजंटांना किती दिले हे दरवर्षी क्लबनिहाय जाहीर करते. २०२३-२४ च्या हिशेब-वर्षात प्रीमियर लीगच्या वीस क्लबांचा हा आकडा चाळीस कोटी पौंडांच्या वर होता. आकडा धक्कादायक आहे, पण तो ठाऊक आहे, आणि त्यामुळे तिथल्या चाहत्याचा राग निदान पत्त्यावर पोचतो. हा पत्ता सहजी मिळालेला नाही. २००६ मध्ये वेस्ट हॅमने कार्लोस तेवेझला घेतले तेव्हा त्याच्यावरचा आर्थिक हक्क बाहेरच्या कंपन्यांकडे होता. आमच्या भाषेत, उभे पीक आधीच कोणीतरी विकत घेऊन ठेवले होते. क्लबाला २००७ मध्ये ५५ लाख पौंड दंड झाला, गुण मात्र कापले गेले नाहीत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तेवेझच्याच गोलवर वेस्ट हॅम जिंकले आणि खालच्या श्रेणीत गेले ते शेफील्ड युनायटेड. अशा तिसऱ्याच्या मालकीवर 'फिफा'ने जगभर बंदी आणली ती २०१५ मध्ये. पुढे २०१९ मध्ये बरी हा जुना क्लब लीगमधून बाहेर फेकला गेला, २०२१ मध्ये बड्या क्लबांनी सुपर लीगचा घाट घातला, तेव्हा चाहते रस्त्यावर आले. आणि २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लबाचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचा रंग बदलायचा तर चाहत्यांना विचारावे लागेल, असे त्या कायद्यात आहे. 'आपण' या सर्वनामाला तिथे थोडासा का होईना, कायदेशीर अर्थ आला.

आपल्याकडे प्रश्न त्याहून प्राथमिक आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, आणि तेव्हापासून गावोगावच्या बापांच्या डोळ्यांत एक नवे पीक डोलते आहे. तिथेच उचल देणारा येतो, बूट घेऊन, 'ट्रायल'चे पैसे मागत. नियम सांगतो की अल्पवयीन खेळाडूशी एजंटाने संपर्क साधायचा तो पहिला व्यावसायिक करार करण्याजोगे वय होण्याआधी फार तर सहा महिने, आणि तोही पालकाची लेखी संमती घेऊन. लेखी संमती कोणत्या भाषेतली? वाचता न येणाऱ्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे, हे सातबाऱ्याच्या निमित्ताने आपल्याला पुरते ठाऊक आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने आणि जिल्हा संघटनांनी खेळाडू-एजंट कराराचा एक मराठी नमुना द्यावा, दोन पानांचा. आणि त्याला जोडून हिशेबपट्टी असावी. क्लबाने काय दिले, खेळाडूला काय मिळाले, मधे काय कापले, ज्या तालमीत किंवा शाळेत तो घडला तिला काय गेले. मसुदा करायला मराठीचे प्राध्यापक कमी पडणार नाहीत. आम्ही तर आपापसात सुरुवातही केली आहे. मधल्या रकान्याला 'अडत' म्हणावे की 'मोबदला', यावर मात्र आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.