‘करण्यात येईल’ म्हणजे कधी?

सास्तूरच्या बसथांब्यावर कुणालाही विचारा, “उद्या काय करलालास?” उत्तर येतं, “लोहाऱ्याला जालालाव.” जाणं उद्याचं असतं, पिशवीसुद्धा भरलेली नसते, तरी बोलण्यात माणूस रस्त्याला लागलेला असतो. ‘करायला लागलो आहे’ हे आवळत आवळत ‘करलालाव’ झालं असावं, असा माझा तर्क. लातूर-धाराशिवबाहेरचे पाहुणे हे ऐकून हसतात. उत्तरपत्रिकेत ते दिसलं की त्याभोवती लाल गोल पडतो. मी याच भागात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि माझं म्हणणं असं, की हा लाल गोल भलत्याच जागी पडतोय. तो पडायला हवा ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्याभोवती.

भविष्यकाळ म्हटला की मुलं घडाघडा म्हणतात: मी करीन, तू करशील, तो करील. हे रूप आमच्या गावात रोजच्या बोलण्यात किती ऐकू येतं, हे एकदा कान देऊन बघा. बोअरची मोटार बिघडली आणि मिस्त्रीला फोन लावला, तर तो कोणत्या रूपात बोलतो यावर घरातली बाई पुढचं ठरवते. “यीन” म्हणाला की दुसरा मिस्त्री शोधायचा. “येणार हाय” म्हणाला तर त्याच्या मनात आहे, पण वेळेचं काही खरं नाही. “येतो” म्हणाला तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची. “येलालाव” म्हणाला तर चहाचं आधण ठेवायचं. आणि “आलोच” म्हणाला, म्हणजे भूतकाळच वापरला, तर तो अजून टपरीवर आहे! थट्टा सोडा, पण एकाच कामाला इतक्या अंतरांवर ठेवणारी ही भाषा आहे आणि चौथीतल्या पोरालाही ही अंतरं कळतात.

व्याकरणकारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मराठी व्याकरणाचा विचार जुना आहे: मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. शालेय पुस्तकांतही जवळच्या भविष्यासाठी ‘संनिहित भविष्यकाळ’ असा भारदस्त शब्द आहे. ‘तुम्ही पुढे व्हा, मी येतोच’ या धाटणीचं एखादं उदाहरण त्याखाली असतं, आणि तेही ‘काळांचे इतर अर्थ’ अशा आडबाजूच्या मथळ्यात. मुख्य काळ तीन, आणि दिवसभर ज्यात बोलतो तो काळ तळटिपेत.

माझी पुतणी पुण्यात डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, “काका, तुमच्या करलालावसारखी भानगड अमेरिकेतही आहे.” उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नावाची नदी आहे, तिच्या काठच्या आदिवासींची भाषा करुक. अस्खलित बोलणारे आता अगदी मोजके. या भाषेत भविष्यासाठी क्रियापदाच्या शेवटी प्रत्यय लागतो. पण गोष्ट अगदी इतक्यातली असेल तर क्रियापदाच्या आधी ‘चिमी’ असा एक छोटा शब्द ठेवतात. गंमत म्हणजे ‘चला, करू या’ म्हणायलाही हाच शब्द चालतो. आपण उठताना “चला, निघतो” म्हणतो तेव्हा तो ‘चला’ कुणालाही चालायला सांगत नसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. जवळचं भविष्य आणि कामाला लागणं या दोन्ही गोष्टी माणसं एकाच शब्दात बसवतात, इतक्या दूरवरची दोन गावं असूनही.

करुकचं व्याकरण लिहिणारे विल्यम ब्राइट पुढे कन्नडकडे वळले. करुकवरचं पुस्तक १९५७ चं आणि बोली कन्नडवरचं १९५८ चं. हे दुसरं छापलं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनंच. आमच्या उमरग्याच्या पलीकडं आळंद, तिथून पुढं सगळा कन्नड मुलूख. तिकडचा माणूस निरोप घेताना “नाळि बर्तीन्री” म्हणतो, म्हणजे ‘उद्या येतो जी’. रोज येतो तेही ‘बर्तीनि’ आणि उद्या येतो तेही ‘बर्तीनि’. आमच्या बोलीवर या शेजाराचा रंग किती, ते अभ्यासकांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी उद्याबद्दल बोलताना आज हातात असलेलं रूप वापरतो.

त्याला कारण आहे. ‘पाऊस येईल’ हे कुणीही कुठूनही म्हणू शकतं. ‘पाऊस येलालाय’ म्हणणाऱ्यानं मान वर करून आभाळ बघितलेलं असतं, म्हणून ते ऐकणारा खळ्यावरचं सोयाबीन झाकायला धावतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप काढलं. चांगलं काम आहे, जीव वाचवणारं आहे. पण हवामानाचे इशारे आपल्यापर्यंत येतात ते ‘शक्यता आहे’ या भाषेत. शास्त्रज्ञाला तसंच बोलावं लागतं, मान्य. पण बांधावर उभ्या माणसाला तो इशारा लगेच हलवत नाही, कारण त्याच्या कानाला ‘शक्यता’ म्हणजे लांबची गोष्ट. हाच इशारा शेजारच्या वावरातून “वीज पडलालीय, झाडाखालून निघ” असा आला तर तो पळतो. इशारे लिहिणाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातली क्रियापदं एकदा गोळा करावीत, असं मला मनापासून वाटतं.

भूकंपाला मात्र हे रूप लागू पडत नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या बाजूला जमीन हादरत होती, ऑक्टोबरात मोठा धक्काही बसला. पण ‘येलालाय’ म्हणायला आभाळासारखं काही दिसत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी आणि सास्तूर ही सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या गावांतली.

मी तेव्हा बारावीला होतो. पत्र्याच्या शेडमध्ये भेटायला येणारा प्रत्येक पांढरा कपडा भविष्यकाळात बोलायचा. घर मिळेल, शाळा होईल, रस्ता होईल. आजोबा सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “कोण देतंय आन कवा देतंय?” ‘देईल’ हे रूप त्यांनी तोंडात घेतलं नाही. घरं पुढं मिळाली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, पन्नासवर गावं नव्या जागी वसली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाट बघण्याच्या त्या दिवसांत आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर देईल असा कागद आमच्या हाती नव्हता.

‘करण्यात येईल’ या रचनेत करणारा नाही आणि वेळही नाही. मराठीत कर्ता लपवायची सोय अनेक रूपांत आहे, भविष्य लांब ढकलायचीही आहे, आणि कचेरीच्या मराठीनं दोन्ही सोयी एकाच वाक्यात घेतल्या. वर ‘लवकरच’ घातलं की वाक्य जवळ आल्यासारखं वाटतं. येत नाही. ‘येलालाव’ म्हणणारा मिस्त्री खोटा पडला तर गावभर त्याची चर्चा होते. ‘लवकरच करण्यात येईल’ हे वाक्य कधी खोटं पडूच शकत नाही, म्हणून तर ते इतकं आवडतं.

सरकारला दुसरं बोलता येत नाही असंही नाही. आमच्याकडं ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आहे. लसीकरणाला येणाऱ्या बाळाच्या कार्डावर पुढची तारीख हातानं लिहिलेली असते: सहा आठवडे, दहा, चौदा. लिहायला न येणारी आजीसुद्धा ते कार्ड डब्यात जपून ठेवते आणि त्या दिवशी नातवाला घेऊन हजर होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यानुसार अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कुणाकडं, हे कार्यालयानं फलकावर लावायचं असतं. विनाकारण उशीर केला तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड. आजोबांचे ‘कोण’ आणि ‘कवा’ कायद्यात आले, पण पत्रव्यवहाराच्या भाषेत उतरले नाहीत. फलक भिंतीवर, आणि टेबलावरून मिळणाऱ्या उत्तरात तेच ‘येईल’.

कुणी म्हणेल, तारीख लिहिली आणि चुकली तर? चुकू द्या. करुक लोकांच्याच नदीचं बघा. क्लॅमथवरची चार धरणं काढण्याचा करार २०१० मध्ये झाला, त्यात काम २०२० ला धरलं होतं. ते हुकलं. पण साल कागदावर होतं म्हणून दरवर्षी कुणीतरी ते पुढं करून भांडू शकलं. २०२४ मध्ये शेवटचं धरण निघालं आणि त्याच शरदात सामन मासे धरणांच्या वरच्या अंगाला पोचले. ‘काढण्यात येतील’ एवढंच लिहिलं असतं, तर भांडायचं कशाच्या आधारावर?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. शाळेत आम्ही पेढे वाटले. जुन्या ग्रंथांचा मान राखलाच पाहिजे, पण त्यातला थोडा उत्साह जिवंत क्रियापदांकडंही वळवावा. दहावीच्या व्याकरणात संनिहित भविष्यकाळाला स्वतंत्र धडा द्या, आणि त्यात सास्तूरचं ‘येलालाव’, कोल्हापूरचं, नागपूरचं, मालवणचं अशी जिथली तिथली रूपं येऊ द्या. निबंधात प्रमाण मराठी लिहा असं मुलांना जरूर सांगावं. पण बोलीतलं रूप व्याकरणात बसत नाही असं सांगू नये, कारण ते बसतं.

दुसरी मागणी आमच्या ग्रामसभेपुरती आहे. ठराव वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ याच्यापुढं आणखी दोन रकाने असावेत: कोण करतंय, कोणत्या तारखेपर्यंत. वाक्य ‘गटाराचे काम करण्यात येईल’ असं न लिहिता ‘अमुक सदस्य अमुक तारखेला गटाराचं काम सुरू करतात’ असं लिहावं. नवी वही छापून यायची वाट बघायला नको. जुन्याच वहीत पट्टीनं दोन रेघा मारल्या की काम भागतं.