पाणी आहे तोवरच मोजायचं!

दिवाळी सरली की आमच्या भागातल्या बायका पाण्याचा विषयच काढत नाहीत. अंथुर्णे, लासुर्णे, शेळगाव, कुठंही जा. विहिरींना पाणी असतं, रब्बीचं आवर्तन सुटलं की कॅनॉल तुडुंब वाहतो. मग पाण्याचं बोलायचं कशाला? ते बोलायचं मार्चनंतर, हंडे रांगेला लागले की! माझं मत मात्र उलटं आहे. पाणी वाचवायचा खरा मोसम हिवाळाच. उन्हाळ्यात वाचवायला शिल्लक काय राहतं?

इंदापूर तालुका मुळात कमी पावसाचा. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात हा सगळा पट्टा होरपळला, त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो तो त्या पाण्यावर. म्हणजे आपल्याकडे दिसणारं पाणी हे बरंचसं वरच्या धरणांतून आलेलं, पाहुण्यासारखं. पाहुणा आहे तोवर घर भरलेलं वाटतं, एवढंच.

माझ्या जाऊबाई म्हणतात, “अगं, कॅनॉल भरून चाललाय आणि तू बादल्या काय मोजत बसलीस?” पण मी मोजल्यात. पंधरा लिटरची बादली आमच्या अंगणातल्या नळाखाली सव्वा मिनिटात भरते. सकाळी पाइप लावून अंगण, ओटा आणि गाडी धुवायची म्हटली, की वीस मिनिटं सहज जातात. झाले २४० लिटर! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. म्हणजे घराचं जवळजवळ दिवसभराचं पाणी आपण चहाच्या आधी रस्त्यावर सोडतो.

हिवाळ्याची आणखी एक खोड आहे, ती सोलरवाल्या घरांची. गच्चीवरून गरम पाणी खाली येईपर्यंत पाइपातलं गार पाणी बादलीभर तरी वाहून जातं. प्रत्येक आंघोळीला! ती बादली नळाखाली आधी धरली, तर भांडी निघतात, फरशी निघते. तुळशीला आणि परसातल्या झाडांनाही थंडीत उन्हाळ्याएवढं पाणी लागत नाही, पण हाताची सवय जात नाही.

आता तुमच्या मनात काय आलं ते मला कळतंय. पुरवण्यांतून नेहमी बाईलाच का सांगायचं? तिनं तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालायचं आणि तिकडे ऊस पाटानं रात्रभर पीत राहायचा? हा राग रास्त आहे. म्हणून एक आकडेमोड सांगते, वही घेऊन स्वतःच करून बघा. एका एकरावर एक इंच पाणी उभं केलं, तर ते होतं एक लाख लिटरच्या थोडं वर. आणि पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर धरलं, तर वर्षाचं होतं एक लाख लिटर. म्हणजे एका एकराला दिलेलं एक इंच पाणी म्हणजे एका घराचं अख्खं वर्ष! आणि पाटपाण्याची पाळी एका इंचावर भागत नाही, हे घरातल्या कर्त्या माणसाला विचारा.

तरीही मी बादली मोजायला सांगते, कारण हिशेब ज्याच्याकडे असतो त्यालाच प्रश्न विचारता येतो. “मी महिन्याला एवढं वाचवलं, तुमच्या ठिबकचं काय झालं?” असं जेवणाच्या ताटावर विचारणारी बाई मला हवी आहे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारनं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, ऊस आणि केळीला नाही म्हटलं, शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं. आपल्याकडे ऊस सोडा म्हणणं सोपं नाही, कारखान्यांवर हा भाग उभा आहे. पण मोजू तर या!

याच दिवसांत भवानीनगरच्या कारखान्याकडे बैलगाड्या लागतात, रानोमाळ उसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडच्या, मराठवाड्यातल्या बायका पहाटे थंडीत आधी पाणी शोधतात, मग कोयता हातात घेतात. कुणाच्या विहिरीवर त्यांना “इथं नको” ऐकावं लागतं. त्याच वाटेवर आपल्या मोऱ्यांचं पाणी डबकं करून साचलेलं असतं.

या सांडपाण्याला उत्तर आहे, आणि ते नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं करून दाखवलंय (आपल्या शेजारचं सोलापूरकडचं टेंभुर्णी नव्हे). घरोघरी शोषखड्डे केले, गटारं संपली आणि डासही हटले. चारेक फुटांचा खड्डा, त्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. पण एक सांगते, कॅनॉलखालच्या काळ्या, चोपण जमिनीत पाणी जिरत नाही. तिथं शोषखड्ड्याचा अट्टहास नको. मोरीचं पाणी कर्दळ, अळू, केळीला वळवा.

आता कचऱ्याकडे वळते, कारण तो शेवटी पाण्यातच जातो. आपल्या सासवांच्या काळी कचऱ्याचा प्रश्न नव्हता. साली म्हशीपुढे, शेण-राख उकिरड्यावर, उकिरडा शेतात. आज त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, बाळाचे डायपर दिसतात. ते खत शेतात गेलं की प्लॅस्टिकही गेलं. उरलेलं कॅनॉलमध्ये. मग चारीच्या तोंडाशी पिशव्या अडकतात आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्यासाठी भांडत बसतो.

आणि थंडीतली ती शेकोटी! अंगण झाडायचं, पाल्याबरोबर पिशव्याही गोळा करायच्या, काडी लावायची आणि पोरं भोवती शेकायला बसवायची. जळक्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघरातला चुलीचा धूर घालवायला आपण गॅस आणला आणि अंगणात त्याहून वाईट धूर पेटवतो.

करायचं फार अवघड नाही. दाराआड एक रिकामं पोतं टांगा आणि पिशवी धुऊन, वाळवून त्यात टाका. कोरडा कचरा कुजत नाही, वास मारत नाही. पंधरा दिवसांनी उचलला तरी चालतो. बाटल्या, पुठ्ठा, जाड पिशव्या भंगारवाला घेतो. चकाकणाऱ्या पुड्या तो घेत नाही, तिथं मोठी बाटली घेणं हाच उपाय. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये आपली पंचायत उभी केली आणि पुढे ‘स्वच्छ’ संस्थेतून दारोदारी कचरा घ्यायचं काम हाती घेतलं. शहरातल्या बायकांना वेगळा केलेला कचरा देण्यासाठी कितीदा समजवावं लागलं असेल! आपल्या गावात घरं कमी, ओळखी जास्त.

संक्रांतीच्या वाणाचंही बोलायला हवं. डबी, चाळणी, साबणदाणी... गेल्या वर्षीचं वाण कुठं आहे, सांगता येईल? मला तरी लुगड्याच्या पदराची शिवलेली पिशवी, गूळ किंवा मूठभर गावरान बियाणं यातच जास्त आनंद वाटतो. पण ज्यांना स्टीलची वाटी परवडत नाही, त्यांना प्लॅस्टिकवरून टोमणे मारू नका. हळदीकुंकू तुलनेचं ठिकाण होऊ नये.

एक विषय आपण कुजबुजत बोलतो, तो सॅनिटरी पॅडचा. ते उकिरड्यावर जातात, कुत्री ओढतात, नाहीतर अंधार पडल्यावर कॅनॉलमध्ये. त्यात त्या पोरींचा दोष नाही, त्यांच्यासाठी जागाच ठरवलेली नसते. पुरुष हा प्रश्न ग्रामसभेत मांडणार नाहीत, आपणच मांडायचा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, असा कायदाच आहे. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागाही आपल्या आहेत. तरी बऱ्याच गावांत ती सभा सह्यांच्या वहीपुरती होते. येत्या २६ जानेवारीच्या आधी ती भरेल तेव्हा जाऊबाई, नणंद, शेजारीण, सगळ्यांना घेऊन जा. आणि एवढंच विचारा, की गावची टाकी किती लिटरची, दिवसातून किती वेळा भरते, आणि गेल्या एप्रिलमध्ये विहिरीला किती फूट पाणी होतं? उत्तर फळ्यावर लिहून घ्या. पॅडचा विषयही तिथंच काढा, पुरुष आत यायच्या आधी.