व्हिसा हाती, प्रवेश बाकी
सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर करताच सुटीवर आलेले जुने व्हिसाधारकही परतीच्या विमानांकडे धावले. शुल्क केवळ नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. तरीही ती धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. व्हिसा म्हणजे प्रवेश मागण्याची मुभा. प्रवेश द्यायचा की नाही, हे विमानतळावरील इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. नवा व्हिसा घेऊन उतरणाऱ्याने आय-७९७ हे मंजुरीपत्र हातातल्या पिशवीतच ठेवावे. पद, वेतन, कामाचे ठिकाण यांविषयीची उत्तरे अर्जाशी जुळावीत. खरी मेख पुढेच आहे. मुक्कामाची मुदत व्हिसावरील तारखेने नव्हे, तर आय-९४ या नोंदीने ठरते आणि पासपोर्ट आधी संपत असेल, तर ती बहुधा तेथेच तुटते.