बॅग भरण्याआधी

मार्च उजाडला की कॉलेजांमधून आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवरून जाहिराती फिरायला लागतात. सुटीत सहा-आठ आठवडे परदेश, तेही समाजकार्यासाठी! नेपाळमध्ये मुलांना इंग्रजी शिकवा, कंबोडियात अनाथाश्रमात राहा, केनियात शाळा रंगवा. वर प्रमाणपत्र, जे पुढं परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडता येतं. मग एक दिवस जेवताना लेक विषय काढते आणि घरात संसद भरते.

आईला खाण्याची आणि मुक्कामाची काळजी. आजीचं म्हणणं, सेवाच करायची तर इथं काय कमी आहे? बाबा थेट हिशेबाला बसतात, 'काम तू करणार, तिकीट आपण काढणार, वर त्यांना फीही आपणच द्यायची?' त्यावर लेकीचं बिनतोड उत्तर, 'दादा बाइकवरून लडाखला गेला तेव्हा एवढी चौकशी झाली नव्हती!'

लेकीचं खरं आहे. मुलाच्या प्रवासाचं कौतुक होतं, मुलीच्या प्रवासाला परवानगी लागते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं परक्या देशात दोन महिने स्वतःच्या हिमतीवर काढावेत, यात मिळवण्यासारखं पुष्कळ आहे. जाऊ द्यावं तिला. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. आपल्या मुलीच्या सुरक्षिततेची चौकशी होते. ती ज्यांच्याकडे निघालीय त्या मुलांच्या सुरक्षिततेची होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमची पोर माया लावायला चाललीय, तिच्यापासून कुणाला कसला धोका? तर कंबोडियाचंच उदाहरण घेऊ. तिथं २००५ मध्ये १५४ अनाथाश्रम होते, २०१० मध्ये ते २६९ झाले. पाच वर्षांत पाऊणपट वाढ! देशातलं युद्ध तर केव्हाच संपलं होतं. वाढले होते ते पर्यटक. आणि युनिसेफनं लक्ष घातलं तेव्हा दिसलं की या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरीब आईबापांना सांगायचं, पोराला शाळा मिळेल, दोन वेळचं पोटभर जेवण मिळेल. पाहुण्यांना सांगायचं, याला कुणी नाही. पाहुणे गलबलतात, देणगी देतात. मूल जितकं केविलवाणं, तितकी पावती मोठी. अनाथांसाठी आश्रम निघायच्या ऐवजी आश्रमांसाठी अनाथ गोळा व्हायला लागले.

नेपाळमध्येही फार वेगळं नाही. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन अशी पर्यटकांच्या वाटेवर आहेत. मुलं मात्र लांबच्या डोंगरी जिल्ह्यांतून आणलेली. २०१५ च्या भूकंपानंतर तर 'मदती'चा एवढा लोंढा आला की सरकारला नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवर जो अहवाल दिला, त्यात अशा अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या वाहतुकीचा स्वतंत्र विचार केलेला आहे.

आश्रम प्रामाणिक असला तरी एक गोष्ट उरतेच. दर सहा आठवड्यांनी नवी ताई येते, मांडीवर घेते, गाणी शिकवते, 'मी परत येईन हं' म्हणते आणि जाते. पहिली ताई गेली की मूल रडतं. दहावी जाते तेव्हा रडत नाही, आणि ते जास्त वाईट.

आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, तिथल्या मुलांची ओळख जाहीर करायलाही बंदी आहे. आपल्या तालुक्याच्या बालगृहात उद्या एखादी परदेशी मुलगी आली, भाषा येत नाही, कसलं प्रशिक्षण नाही, आणि पोरांना कडेवर घेऊन फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला लागली, तर आपल्याला चालेल का? नाही ना? मग तेच माप लेकीलाही लावायचं.

मग परदेशात जाऊन काही करूच नये का? करावं की. एक नमुना तर मुंबईनंच पाहिलाय. १९६६ साली अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे विक्रोळीत एक नर्स आली. वय ६८, नवरा वारलेला, चार मुलांची आई. नाव लिलियन कार्टर. दहा वर्षांनी तिचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला, तो भाग वेगळा. बाईंच्या हातात नर्सिंगचं कसब होतं, निघण्याआधी त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं आणि मुक्काम होता जवळजवळ दोन वर्षांचा.

सहा आठवड्यांत हे जमणार नाही, तसा आवही आणू नये. अंगमेहनत मात्र जमते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसानं फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात श्रमशिबिर भरवलं, तिथून या आंतरराष्ट्रीय शिबिरांची परंपरा सुरू झाली. हाच माणूस १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन गावं वसवायच्या कामाला लागला. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी तर आपल्या घराघरातल्या काका-मावश्यांनी केलेली. हातात कुदळ-फावडं, सकाळी श्रमदान, नंतर ऐकायचं आणि बोलायचं. तिथं कुणी कुणाचा तारणहार नसतो. दोन-तीन आठवड्यांची अशी शिबिरं परदेशातही भरतात. लेकीला जायचंच असेल तर आधी ती शोधायला सांगा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. तो खवचटपणे विचारला असला तरी सगळ्यात मोलाचा आहे. भरलेल्या फीमधले किती पैसे स्थानिक संस्थेला जातात आणि किती मधल्या कंपनीला, हे ईमेल करून विचारायचं. जे काम ती करणार, ते त्या गावातली एखादी बाई पगार घेऊन करू शकली असती का, हेही विचारायचं. नीट संस्था उत्तर देते. शिवाय मुलांजवळ काम असेल तर स्वतःहून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. ते पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. ज्यांना फक्त फी भरल्याची पावती पुरते, त्यांच्यापासून लांबच राहिलेलं बरं.

'टूरिस्ट व्हिसावर या, कुणी विचारत नाही' असं सांगणारेही असतात. पुष्कळ देशांत बिनपगारी कामही कामच धरलं जातं. विमानतळावर उत्तरं मुलीला द्यावी लागतात, एजंटला नाही. केनिया, युगांडा, घाना असे देश असतील तर यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. तो दाखला नसेल तर परतताना इथं सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. विमा हवा. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता यावी, आणि वेळ आलीच तर मधेच निघून येण्याइतके पैसे तिच्या स्वतःच्या कार्डावर असावेत. पासपोर्ट संस्थेच्या कपाटात ठेवायला मागितला तर झेरॉक्स द्यायची, पासपोर्ट नाही. हे आईनंच सांगून ठेवावं, मेतकुटाचा डबा भरता भरता.