गाठायचे असेल तर वेग कमी करा!

एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई मात्र करू नका. पृथ्वीपासून 400 किलोमीटर उंचीवर एक यान इंधन संपून अडकले आहे. आत एक अंतराळवीर आहे. तुम्ही त्याच कक्षेत, पण त्याच्या बरेच मागे आहात. त्याला गाठण्यासाठी काय कराल?

‘इंजिन सुरू करून वेग वाढवू’, असे तुमच्यापैकी बहुतेकजण म्हणतील. मीही तेच केले होते! ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. त्यात आपणच अग्निबाण जुळवायचा, उडवायचा आणि कक्षेत न्यायचा. त्यातले हिरवे, बुटके अंतराळवीर कधी कधी कक्षेत अडकून पडतात आणि त्यांना सोडवून आणण्याची कामगिरी खेळणाऱ्यावर येते. माझ्या एका विद्यार्थ्याने हा खेळ दाखवला आणि म्हणाला, “सर, तुम्ही करून बघा.” अडकलेले यान समोर दिसत होते. मी त्याच्या रोखाने इंजिन चालवले. थोडा वेळ अंतर कमी झाले, मग ते यान खालून पुढे निघून गेले. मी आणखी जोर लावला, ते आणखी दूर गेले. शेवटी माझे इंधन संपले आणि अडकलेल्यांची संख्या एकाची दोन झाली. कक्षीय वेगाचे सूत्र वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माझी ही गत!

अशी फजिती खऱ्या अंतराळवीरांचीही झाली आहे. 3 जून 1965 रोजी अमेरिकेच्या ‘जेमिनी-4’ यानातून जेम्स मॅकडिविट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रोखाने यान ढकलले, तरी टप्पा दूरच जात राहिला. बरेच इंधन खर्ची पडल्यावर तो नाद सोडून द्यावा लागला.

असे का होते? रस्त्यावर वेग वाढवला तरी गाडी त्याच रस्त्यावर राहते. अवकाशात वेग बदलला की रस्ताच बदलतो. पुढच्या दिशेने जोर लावला की यान वर चढते. चढताना त्याचा वेग कमी होतो आणि फेरीही लांबते. म्हणून ते मागे पडते. उलट, वेग कमी केला की यान खालच्या कक्षेत उतरते, आणि खालच्या कक्षेतले यान नेहमी अधिक वेगाने फिरते.

आता वही-पेन्सिल घ्या. 400 किलोमीटर उंचीवर यानाचा वेग सेकंदाला 7.67 किलोमीटर असतो आणि एका फेरीला सुमारे 92.4 मिनिटे लागतात. 300 किलोमीटर उंचीवर वेग 7.73 किलोमीटर आणि फेरी 90.4 मिनिटांची. वरून खाली यायचे तर दोनदा वेग कमी करावा लागतो, दर वेळी सेकंदाला सुमारे 29 मीटर. दोनदा ब्रेक लावूनही शेवटी वेग आधीपेक्षा सुमारे 57 मीटरने वाढलेला! हा वेग कोठून आला? खाली उतरताना गुरुत्वाकर्षणाने तो दिला.

खालच्या कक्षेत तुम्ही दर फेरीला सुमारे 8 अंश पुढे सरकता. अडकलेले यान पाव फेरी, म्हणजे 90 अंश, पुढे असेल तर सव्वाअकरा फेऱ्या, म्हणजे सुमारे 17 तास थांबावे लागेल. मग नेमक्या क्षणी पुन्हा वर चढून वेग जुळवायचा. संकटातल्या माणसाकडे धाव घ्यावी, ही आपली सहजबुद्धी. येथे मात्र आधी गणित आणि मग धीर हवा.

आता माझे मत सांगतो. पालक आणि शिक्षक संगणकावरच्या खेळांना वेळेचा अपव्यय मानतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण हा खेळ मला प्रयोगशाळेत ठेवण्याच्या योग्यतेचा वाटतो. दोलकाचा आवर्तकाल आपण प्रयोगशाळेत मोजू शकतो, पण कक्षा टेबलावर कशी मांडणार? क्रांतिक वेगाचे उदाहरण सोडवून गुण मिळतात. त्या सूत्रात त्रिज्या छेदात आहे याचा अर्थ मात्र मला इंधन संपल्यावरच उमगला.

एक अट मात्र आहे. खेळात चुकलो की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. त्यामुळे अंदाजाने बटणे दाबत बसण्याची सवय लागते, आणि त्यातून भौतिकी कोणी शिकत नाही. म्हणून इंजिन चालवण्यापूर्वी वहीत लिहा: किती वेग बदलणार, किती फेऱ्या थांबणार. मग खेळा आणि उत्तर ताडून पाहा. शाळेत एकच संगणक असला तरी चालेल. एकाने चालवावे, बाकीच्यांनी गणित करावे. संगणक नसेल, तर वरची आकडेमोड वहीतही होते.

खऱ्या मोहिमांत मागे जाण्याची सोय नसते. इस्रोने ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील दोन उपग्रह 30 डिसेंबर 2024 रोजी सोडले. जानेवारीत त्यांना जवळ आणताना ते अपेक्षेपेक्षा जास्त सरकले, तेव्हा जोडणी पुढे ढकलली गेली. नंतर ते 3 मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा दूर नेले आणि 16 जानेवारी 2025 रोजी ते जोडले गेले. भारत हे साधणारा चौथा देश ठरला. डिसेंबर 2022 मध्ये अवकाश स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या एका सोयूझ यानातील शीतक द्रव गळून गेला आणि तिघांचे परतीचे वाहन निकामी झाले. फेब्रुवारी 2023 मध्ये एक रिकामे सोयूझ आपोआप तेथे जाऊन जोडले गेले, आणि त्यातून ते तिघे 27 सप्टेंबर 2023 रोजी सुखरूप उतरले.

त्या रिकाम्या यानात धाडस दाखवायला कोणीही नव्हते. होते ते केवळ बरोबर केलेले गणित. ते करणारी माणसे कधी तरी तुमच्यासारखीच दहावीच्या वर्गात बसलेली होती.

माझा तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी गणित मांडून आला आणि अडकलेल्या दोघांनाही त्याने खाली आणले. त्यांतला एक मी अडकवलेला होता!