शेवटी आठवणारी माणसं

बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवायचं बटण असतं, पण त्याला लेबल दिलेलं नसतं. डोळसाला बाण दिसतो. अंध खातेदाराला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण’ म्हणून गप्प होतो. कॅप्चा ऐकण्याची सोय नसते. मग स्वतःच्याच पैशांसाठी या माणसाला मोबाइल आणि पिन शेजाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. आपल्या डिजिटल प्रगतीने त्याचं खासगीपण हिरावून घेतलं आहे.

‘कोणी मुद्दाम केलं नाही’ हे उत्तर आता पुरे. कारण हे दोष आधीच पकडणारा माणूस आहे: सुगम्यता तपासणारा टेस्टर. तो माउस दूर ठेवून नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरतो. टॉकबॅक हा अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर लावून, पडदा न पाहता व्यवहार पूर्ण होतो का ते बघतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान 4.5 ला 1 आहे का, हे मोजतो. चित्राला वर्णन जोडलं आहे की नाही, एवढं यंत्रही सांगतं. त्या वर्णनातून काही कळतं का, हे माणसालाच ठरवावं लागतं. खर्चाची सबबही टिकत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला आणि तो आजही मोफत मिळतो.

तरी टीममध्ये या टेस्टरला बोलावतात कधी? रिलीज तोंडावर आल्यावर. तोवर डिझाइन पक्कं झालेलं असतं, कोड लिहून झालेला असतो. मग त्याने दाखवलेले दोष ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणत बॅकलॉगमध्ये ढकलले जातात. पैसे कापले जाऊन पावती आली नाही, तर रिलीज थांबतं. अंध माणसाला पैसेच पाठवता आले नाहीत, तर थांबत नाही. कोणाची अडचण खरी मानायची, हे आपण ठरवून टाकलं आहे.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले. 2016 मध्ये त्यांच्या हक्कांचा कायदा झाला. तरीही अ‍ॅसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना केवायसीसाठी पापण्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितलं गेलं आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि अ‍ॅपच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करा, असंही बजावलं. जे साध्या माणुसकीने सुचायला हवं होतं, त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागला!

पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरवर पोसलेला आपला सुशिक्षित वर्ग वाढदिवसाला अंधशाळेत जेवण देतो. त्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेली मुलगी नोकरी मागायला आली, की त्याला अडचणी दिसू लागतात. दान देताना आपला हात वर राहतो. हक्क मान्य करायचा, तर बरोबरीने बसावं लागतं. आपल्याला नेमकं तेच नको आहे.

म्हणून दया आवरा आणि कामाला लागा. पहिल्या आराखड्यापासून हा टेस्टर टीममध्ये हवा. दिव्यांगांना या कामावर नेमा आणि इतरांइतकाच पगार द्या. त्यांना रिलीज रोखण्याचा अधिकार द्या. एवढं होत नसेल, तर ‘सर्वांसाठी’ हे शब्द आपल्या जाहिरातींतून काढून टाका. ते खोटे आहेत.